वरीलप्रमाणे

"हे भोक पाणी पितंय," मिस्त्री पुटपुटला, "आणि पिऊन साधी ढेकरही देत नाही."

तो हे कुणाला ऐकवत नव्हता. पंपाशी, मशीनशी, स्वतःच्या नशिबाशी बोलण्याची त्याची जुनीच सवय होती. पण मातीबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर, उपड्या बादलीवर बसून वही लिहीत होती, तिला ऐकू न येऊन कसं चालेल? जमीन तपासायची म्हणजे आधी खोल भोक पाडायचं, वरून पाणी सोडायचं, आणि ते पाणी खालचा गाळ घेऊन परत वर यायचं. गेलेलं पाणी परत आलं की समजायचं, खाली जमीन आहे. इथे अर्धा तास पाणी नुसतं जात होतं. एक टाकी संपली, दुसरी निम्मी झाली, आणि भोकाच्या तोंडाशी थेंब नाही.

मिस्त्रीने पंप बंद केला आणि हातोडा चढवला. रॉडवर वजनदार हातोडा सोडत राहायचं आणि एक फूट खाली जायला किती ठोके लागले ते लिहायचं, यावर जमिनीची ताकद ठरते. मातीबाईने पेन्सिल टेकवली. ठोका पडायच्या आधीच रॉड आपोआप खाली गेला, हातभर. जिना उतरताना एक पायरी कमी आहे हे उशिरा कळावं, तसा.

दोघं एकमेकांकडे न बघता भोकाकडे बघत राहिली.

"किती लिहू?" तिने विचारलं.

"मी मारलाच नाही, तर काय लिहिणार?" मिस्त्री म्हणाला, आणि त्याने विडी काढली. काम अर्धवट असताना तो कधी विडी काढत नसे.

शहरातले बांधकामवाले तिला मातीबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आता तर घराच्या पाटीवर लिहायचं तेवढं बाकी होतं. पाटीवर मात्र सासऱ्यांचं नाव होतं, आणि खाली ‘माती परीक्षण’. तेवीस वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली तेव्हा माती म्हणजे कुंडीत असते ती, एवढंच तिला ठाऊक. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तिला शिकवलं. चिमूटभर माती दातांखाली धरायची. करकरली तर गाळाची, लोण्यासारखी फिरली तर चिकण. कुठल्याही कॉलेजात न गेलेल्या सुनेच्या तोंडात माती घालणारा हा जगातला पहिला सासरा, असं ती पाहुण्यांना सांगे, आणि आप्पा लाजून चष्मा पुसत.

आणि गेले चार महिने शहरात ‘लाइट रेल’ सोडून दुसरा विषय नव्हता. शहर वाढलं होतं, नको तेवढं आणि नको तिकडे. बसेस ओसंडून वाहत होत्या. नगरपालिकेने ठरवलं होतं की स्टेशनपासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत, भट्टी रस्त्यावरून, छोट्या डब्यांची रेल्वे चालवायची. दुकानदार विरोधात, कारण गाड्या उभ्या करायच्या कुठे. रोज दोन तास लोंबकळणारे बाजूने. सासूबाईंचा मुद्दा वेगळाच होता. लाइट गेली की ही रेल्वेही जाणार का, असं त्यांनी तीनदा विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी नातीने तितक्याच कळवळून समजावलं होतं की आजी, ‘लाइट’ म्हणजे हलकी. ‘हलकी आहे तर मग एवढी माती कशाला तपासता,’ असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

नात, म्हणजे मातीबाईची लेक, नर्सिंग शिकत होती. दोन बस बदलून हॉस्पिटलला जायची, परत आली की बुटांसकट पलंगावर आडवी होत असे. तिने प्रयोगशाळेच्या कपाटावर एक स्टिकर चिकटवला होता, ‘हो, रूळ हवेत’. मातीबाईने तो काढला नाही. तिलाही रूळ हवेच होते. पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कुणाला बघवतात?

भट्टी रस्त्याची माती सव्वीस वर्षांपूर्वी आप्पांनीच तपासली होती. तिथल्या जुन्या वीटभट्ट्या हटवून रस्ता, शाळा आणि मोठमोठ्या इमारती करायच्या होत्या, त्या वेळी चौदा भोकं. रेल्वेच्या लोकांनी ठरवलं, नोंदी आहेत तर नव्याने कशाला खणायचं, तीन ठिकाणी पडताळून बघू. दुसरं, पाचवं, तेरावं. काम साहजिकच मातीबाईकडे आलं. दुसरं भोक आप्पांच्या नोंदीशी शब्दाला शब्द जुळलं. पाचवं इतकं जुळलं की तिचा ऊर भरून आला. सहाव्या फुटावर शिंपल्यांचा चुरा, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि सहाव्या फुटावर शिंपल्यांचा चुरा होता.

तेरावं हे. शाळेच्या फाटकासमोर.

प्रकल्पाचे साहेब आले. त्यांच्या शर्टाची घडी दिवसभर मोडत नसे म्हणून मिस्त्री त्यांना इस्त्रीसाहेब म्हणे. त्यांनी भोकात डोकावलं, जणू खाली काही लिहिलेलं असावं, आणि म्हणाले, सांडपाण्याचा जुना पाइप फुटला असणार, सहा फूट सरका. सरकणं काही गैर नव्हतं, सगळेच सरकतात. सरकल्यावर दहा फुटांवर विटांचा भुगा लागला, मग काहीतरी घट्ट, बहुतेक जुन्या भट्टीचा पाया. बावीस ठोके पडले. बावीस म्हणजे उत्तम. इस्त्रीसाहेब खूश झाले आणि गुरुवारच्या जनसुनावणीत भेटू म्हणून गेले. मातीबाईने बावीस लिहिलं. मग वर, सरकण्याआधीच्या भोकाच्या रकान्यात, तिने शून्य लिहिलं, आणि त्या शून्याकडे बराच वेळ बघत राहिली.

घरी येऊन तिने जुनं रजिस्टर काढलं.

अक्षर सासूबाईंचं होतं. आप्पा सांगत, त्या लिहीत, ही या घरातली जुनी पद्धत. गोल, टपोरं, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं अक्षर. पहिल्या आठ भोकांचं वर्णन वाचताना एखाद्या माणसाची ओळख करून दिल्यासारखं वाटत होतं: पिवळसर, ओली केली की बोटाला चिकटते, वास गवताचा, अकराव्या फुटाला झाडाचं मूळ, अजून जिवंत. नववं भोक आलं. तिथे एकच शब्द होता. वरीलप्रमाणे. दहावं, वरीलप्रमाणे. तसंच चौदाव्यापर्यंत, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेलं, आणि शेवटी शेवटी ते गोल अक्षरही जरा तिरकं झालं होतं, जणू लिहिणारीला लवकर उठायचं होतं.

मातीबाईचं बोट त्या शब्दावरच थांबलं. कारण या घरात हा शब्द लिहायला बंदी होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने एकदा कंटाळून लिहिला होता, दोन नमुने सारखेच दिसत होते म्हणून. आप्पांनी तो कागद तिच्यासमोर टराटरा फाडला होता. त्या मऊ माणसाने तिच्यावर आवाज चढवला तो तेवढा एकदाच. जमीन कधी वरीलप्रमाणे नसते, ते म्हणाले होते, एका खोलीच्या दोन कोपऱ्यांत ती वेगळी असते. तिला वाटलं होतं, काय हा माणूस, मातीच्या बाबतीत देवमाणूस. तो राग कुणावरचा होता, हे आज तिला कळलं.

रात्रीच्या जेवणाला तिने नुसतं विचारलं की भट्टी रस्त्याच्या कामाच्या वेळी मशीनवर कोण होतं. नवरा त्या काळी वडिलांबरोबर मशीन चालवायला लागला होता. तो म्हणाला, त्या वर्षी मला कावीळ झाली होती, मी अंथरुणावरच होतो. सासूबाई भांडी आवरताना सहज बोलून गेल्या की कावीळ पुढच्या वर्षी झाली होती. मग त्यांनी हातातलं भांडं इतक्या हळू खाली ठेवलं की त्याचा आवाज झाला नाही. आप्पा ताटाकडे बघत एकच घास चावत होते. नवऱ्याने लेकीला परीक्षेचं विचारलं, लेकीने रेल्वेचं काढलं, सासूबाईंनी लाइटचं काढलं, आणि सगळे जरा जास्तच हसले. मातीबाईसुद्धा हसली. घरात एखादी गोष्ट बोलायची नसली की माणसं किती गोड वागतात एकमेकांशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचपट्ट्या हव्या होत्या. नवी पेटी उघडली तर निम्मी रिकामी. मिस्त्रीला विचारलं, त्याने हात वर केले. आप्पांना विचारायला गेली तर ते फिरायला गेले होते. ऐंशीच्या घरात आलेला माणूस रोज नेमाने चालतो, याचं सगळ्यांना कौतुक होतं. ते कुठल्या बाजूला जातात हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

तेराव्या भोकातल्या पाण्याची पातळी बघायची होती म्हणून ती शाळेपाशी गेली. भोकात पाणी नव्हतंच. फाटकाशी शाळेचा शिपाई वर्गाचं दार आडवं टाकून रंधा मारत होता. दार दरवर्षी फुगतं हो, तो कुरकुरला, दरवर्षी तासतो, आता तासायला दार उरलं नाही. मातीबाईने चौकटीकडे पाहिलं. दार फुगत नव्हतं. चौकट कलत होती. आत मुलं एका सुरात पाढे म्हणत होती, आणि प्रत्येक पाढा संपला की मधल्या सुट्टीची आठवण झाल्यासारखी गप्प होत होती.

शाळेच्या मागच्या भिंतीशी आप्पा होते. काठी भिंतीला टेकवलेली, हातात डिंकाची ट्यूब. भिंतीत खालून वर एक भेग गेली होती, आणि त्या भेगेवर आडव्या, एकाखाली एक, तिच्याच पेटीतल्या काचपट्ट्या चिकटवलेल्या होत्या. प्रत्येकीवर बारीक पेनाने तारीख. भेग जागेवर असली तर काच शाबूत राहते, भेग केसभर जरी वाढली तरी काच तडकते, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. सगळ्यात वरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. त्या काचा तडकलेल्या होत्याच, पण त्यांच्या तारखांत वर्षावर्षाचं अंतर होतं. खाली खाली यावं तसं अंतर महिन्यांवर आलं होतं. मग आठवड्यांवर.

आप्पांनी तिला पाहिलं. दचकले नाहीत. शेवटच्या काचेवर बोट ठेवून म्हणाले, "ही परवा लावली होती."

ती मधोमध दुभंगलेली होती.

तिने त्यांची काठी उचलून हातात दिली. परत येताना ती दोघं वाटेत भेटलेल्या मांजरीबद्दल बोलली, बसच्या गर्दीबद्दल बोलली, नातीला चष्मा लागेल की काय याबद्दल बोलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ मजली इमारती उभ्या होत्या. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. एका बाईने वरून चादर झटकली आणि तिची धूळ हळूहळू खाली आली. आप्पा प्रत्येक इमारतीपाशी किंचित थांबत होते. मातीबाईला वाटलं, दमले असतील. मग लक्षात आलं, ते पायऱ्यांकडे बघत होते, पायऱ्या आणि फुटपाथ यांच्यात पडलेल्या फटीकडे.

बुधवारी इस्त्रीसाहेबांच्या ऑफिसातून दाखला टाइप होऊनच आला. ‘क्रमांक एक ते चौदा या छिद्रांच्या नोंदी तपासल्या असून त्या विश्वासार्ह आहेत.’ कागदावर भोकाला छिद्र म्हणतात, त्याने ते जरा स्वच्छ दिसतं. खाली तिच्या सहीची जागा. सही केली तर रूळ होणार, पोरीचे हाल संपणार, सासऱ्यांचं नाव पाटीवर तसंच राहणार. आणि नाही केली तर का नाही, असं कुणीतरी विचारणारच.

नवरा मशीनचे रॉड पुसत होता. कागद पाहून तो बराच वेळ एकच रॉड पुसत राहिला. शेवटी म्हणाला, बाबा ऐंशीचे आहेत गं, प्रश्न दोन-चार वर्षांचा.

"कुणाच्या दोन-चार वर्षांचा?" तिने विचारलं.

त्याने पुढचा रॉड उचलला. तो वाईट माणूस नव्हता. आयुष्यभर त्याने वडिलांचं मशीन खांद्यावर वाहिलं होतं, आणि मशीनबरोबर हेही वाहिलं होतं. चोविसाव्या वर्षी बापाने गप्प बस म्हटलं की मुलगा गप्प बसतो, आणि मग कुणी त्याला ‘आता बोल’ असं म्हणायलाच येत नाही.

ती आप्पांच्या खोलीत गेली. ते पेन्सिलीला टोक करत होते. तिने उभ्या उभ्याच सांगितलं की मी सही करणार नाही. का करत नाही, ते माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, कारण ते सांगणं माझं नाही. आप्पांनी मान हलवली की ती नुसतीच हलली, हे तिला कळलं नाही. पेन्सिल मात्र ते तासत राहिले, अगदी धरायला उरली नाही तोपर्यंत. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सुनेला वाट दिली आणि आत गेल्या, आणि दार लावून घेतलं. त्या दारामागे काय बोलणं झालं, किंवा झालंच नाही, ते मातीबाईला कधीच कळलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता नगरपालिकेचा हॉल गच्च भरला होता. दुकानदारांनी फलक आणले होते, नर्सिंगच्या मुलींनी स्टिकर लावले होते. पहिल्या रांगेत लेक बसली होती, आईकडे बघून हसली. मागच्या रांगेत आप्पा, सासूबाई आणि नवरा. आपण येणार असं त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. एक केशकर्तनकार रेल्वे का हवी यावर इतकं सुंदर बोलला की विरोधकांनीही टाळ्या वाजवल्या. चप्पलवाल्याने विचारलं की रूळ माझ्या दारातून गेले तर गिऱ्हाईक काय डब्यातून हात बाहेर काढून चपला घेईल? हशा झाला. लोक मोकळे होते, भांडत होते, मजा करत होते. मातीबाईला त्या सगळ्यांची फार माया वाटली. निम्मे लोक भट्टी रस्त्यावरचेच होते. घरी आजारी माणसं, झोपलेली बाळं ठेवून आले होते.

तिचा नंबर आला. तिने माइकसमोर कागद धरला, वाचला नाही. नऊ ते चौदा या नोंदींखाली मी सही करू शकत नाही, एवढंच म्हणाली.

दुकानदारांच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आतून कुणीतरी दिवा मालवल्यासारखं. आई आपल्या विरोधात गेली, एवढंच तिला समजलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, का. मातीबाईने कागद खाली घेतला. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. ती कागदाच्या कडेची घडी घालत राहिली.

तेव्हा इस्त्रीसाहेब उठले. चिडले नव्हते, समजूतदारपणे हसत होते. त्यांनी सांगितलं की बाईंच्या सावधपणाबद्दल आदर आहे, पण पुरावा कागदावर कशाला शोधायचा? याच नोंदींवर भरवसा ठेवून त्या रस्त्यावर आठ-आठ मजल्यांच्या इमारती बांधल्या, शाळा बांधली. सव्वीस वर्षं उभ्या आहेत. आमचे डबे तर हलके आहेत. जी जमीन हजारो लोकांना पेलते, ती त्यांना नाही पेलणार?

हॉल हसला. खरंच बिनतोड होतं. दुकानदारसुद्धा हसले, कारण त्यांची घरं त्यातच होती आणि ती पक्की आहेत असं कुणी म्हटलेलं कुणाला आवडत नाही? मातीबाईने मागे पाहिलं. नवऱ्याने डोळे मिटले होते. सासूबाईंनी आप्पांच्या कोपराखाली हात घातला होता, पडणाऱ्याला धरतात तसा नाही, उठणाऱ्याला देतात तसा. आणि आप्पा उठत होते, एकेक हाड जागेवर आणत.

हसू विरायला जरा वेळ लागला. कुणीतरी म्हाताऱ्यांना माइक द्या म्हणालं. आप्पांनी हातानेच नको म्हटलं.

"नववं ते चौदावं भोक मी पाडलंच नाही," ते म्हणाले. "मशीन मोडलं होतं, तारीख तोंडावर होती. घरी बसून लिहायला लावलं मी. वरीलप्रमाणे." त्यांनी श्वास घेतला. "खाली काय आहे ते तेव्हा मी बघितलं नाही. आता बघितलंय. खाली काही नाही. रुळांचं तुमचं नंतर ठरवा. शाळा भरलीय आत्ता. आधी ती पोरं बाहेर काढा."